डोमेन-नावांचा सट्टा आणि प्रत्ययाची पारख

इंटरनेटवरील नावांच्या, म्हणजे ज्यांना व्यवहारात डोमेन म्हणतात त्यांच्या, खरेदी-विक्रीचा धंदा आता तीन दशके जुना झाला आहे. अल्प भांडवलावर विपुल द्रव्य मिळविल्याच्या ज्या कथा या धंद्यासंबंधी वारंवार सांगितल्या जातात, त्या ऐकून आपल्याकडील अनेक तरुण, आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा काही अंश नव्या मार्गाने गुंतवू पाहणारे वडीलधारे गृहस्थही, त्याकडे वळू लागले आहेत. त्या कथा खोट्या नाहीत. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली १.५ लाख डॉलरना घेतले गेले आणि १९९९ साली ७५ लाख डॉलरना विकले गेले. ‘व्हॉइस डॉट कॉम’ या नावाला २०१९ साली ३ कोटी डॉलर मिळाले. परंतु ही दोन्ही नावे सर्वपरिचित इंग्रजी शब्दांची आहेत आणि दोहोंच्या शेवटी ‘डॉट कॉम’ आहे, ही गोष्ट कथा ऐकताना मनावर पुरेशी ठसत नाही. आणि मग तोच किंवा तसाच एखादा शब्द ‘डॉट कॉम’खाली मिळत नाही म्हणून दुसऱ्या कोणत्या तरी प्रत्ययाखाली घेऊन, त्याच प्रमाणात नाही तरी त्याच दिशेने लाभ होईल अशी आशा मनुष्य धरून बसतो. नावाच्या शेवटी येणाऱ्या या भागाला धंद्यात एक्स्टेन्शन म्हणतात. मी त्यास येथे प्रत्यय म्हणतो. शब्दाचा विचार सगळेच करतात, प्रत्ययाचा विचार फार थोडे करतात, आणि माझ्या मते या धंद्यातील बहुतेक नुकसानीचे मूळ तेथेच आहे.

प्रथम हक्काचे स्वरूप समजून घ्यावे. डोमेन विकत घेतले असे आपण म्हणतो खरे, पण वस्तुतः आपणास मिळतो तो मुदतीचा पट्टा. प्रत्येक प्रत्ययाचे एक मूळ दप्तर असते आणि ते सांभाळणाऱ्या संस्थेस रजिस्ट्री म्हणतात. ग्राहकाकडून शुल्क घेऊन त्या दप्तरात त्याची नोंद करून देणारा तो रजिस्ट्रार. आणि ‘डॉट कॉम’सारख्या सार्वत्रिक प्रत्ययांच्या बाबतीत या दोघांनाही १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेशी केलेल्या करारांनी बांधून घेतलेले असते. नोंदणी एका वर्षापासून फार तर १० वर्षांपर्यंत करता येते, आणि मुदत संपण्यापूर्वी शुल्क भरले नाही तर यथाक्रम हक्क नष्ट होतो. जमीन पट्ट्याने घेणारा शहाणा कुळवाडी ज्याप्रमाणे मातीचा पोत पाहण्याआधी मालक कोण, खंड किती, तो वाढविण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या कारणाने पट्टा रद्द होऊ शकतो हे विचारून घेतो, त्याप्रमाणेच नाव घेणाऱ्याने प्रत्ययाच्या मालकासंबंधी चौकशी केली पाहिजे. कारण नाव कितीही सुंदर असले तरी ज्या दप्तरात ते नोंदले आहे त्या दप्तराच्या अटी त्याला लागू असतात, आणि त्या अटी प्रत्ययागणिक इतक्या भिन्न आहेत की एकाच शब्दाची दोन प्रत्ययांखालील दोन नावे ही व्यवहारदृष्ट्या दोन निराळ्या जातींच्या मालमत्ता होत.

‘डॉट कॉम’पासूनच आरंभ करणे योग्य, कारण बाकीच्या सर्व प्रत्ययांचे मोल त्याच्या तुलनेने ठरते. १५ मार्च १९८५ रोजी सिंबॉलिक्स नावाच्या एका अमेरिकन संगणक-कंपनीने या प्रत्ययाखालील पहिले नाव नोंदविले. त्यानंतरची दहा वर्षे नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या संस्थेने वर्षास ५० डॉलर या दराने दोन वर्षांचे १०० डॉलर आगाऊ घेण्यास प्रारंभ केला. ज्यांनी त्या सुमारास दूरदृष्टीने साधे इंग्रजी शब्द नोंदवून ठेवले त्यांना जे लाभले ते आज नव्याने येणाऱ्यास लाभणार नाही, हे स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कारण आज या प्रत्ययाखाली १५ कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत, इंग्रजी कोशातील बहुतेक सर्व उपयुक्त शब्द केव्हाच संपले आहेत, आणि रोमन लिपीतील कोणत्याही चार अक्षरांची जुळणीही मोकळी उरलेली नाही. नवागतास उरतात ती दोन-तीन शब्दांची जोडनावे, उच्चारास सोपी अशी नवी बनविलेली नावे, आणि जुन्या धारकांनी मुदत संपू दिलेली नावे. तरीही मी आरंभ करणाऱ्यास याच प्रत्ययाकडे वळण्याचा सल्ला देतो, आणि त्याची कारणे दोन आहेत. जगभरच्या लोकांच्या बोटांस ‘डॉट कॉम’ लिहिण्याची सवय जडली आहे, त्यामुळे या नावांना गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक. आणि दुसरे, याचे मूळ शुल्क मर्यादित आहे. या प्रत्ययाचे दप्तर सांभाळणारी व्हेरिसाइन ही कंपनी अमेरिकन सरकारशी झालेल्या करारान्वये सहा वर्षांच्या प्रत्येक कालखंडातील शेवटच्या चार वर्षांतच, आणि तेही वर्षाला जास्तीत जास्त ७ टक्के, दरवाढ करू शकते. सप्टेंबर २०२४ पासून हे मूळ शुल्क १०.२६ डॉलर आहे. पाच वर्षांनी आपणास किती भरावे लागेल याचा अदमास आज बांधता येणे, ही सट्ट्यात लहान गोष्ट नव्हे.

अर्थात ‘डॉट कॉम’खालीही मनुष्य बुडू शकतो. २०१५च्या उत्तरार्धात चिनी सट्टेवाल्यांनी केवळ अंकांची, आणि स्वर व ‘व्ही’ वगळून केवळ व्यंजनांची, आखूड नावे अफाट वेगाने उचलण्यास सुरुवात केली. आठ हा अंक शुभ आणि चार हा अशुभ म्हणून त्यांचे भावही निराळे झाले. आणि काही महिन्यांत दर कित्येक पटींनी चढले. २०१६ साल उजाडल्यावर तेच दर घसरू लागले, आणि तेजीच्या टोकास खरेदी करणाऱ्यांच्या हाती कोणाच्याच कामाची नसलेली अक्षरे उरली. या घटनेचा बोध असा की एखाद्या नावाची किंमत ते वापरणारा व्यापारी ठरवीत आहे की आपल्यासारखाच दुसरा सट्टेवाला ठरवीत आहे, हे प्रत्येक खरेदीपूर्वी पाहावे; पहिल्या प्रकारची किंमत मंदीतही काही अंशी टिकते, दुसऱ्या प्रकारची टिकत नाही.

आता देशांच्या प्रत्ययांकडे वळू. प्रत्येक देशाला व प्रदेशाला दोन अक्षरांचा एक प्रत्यय दिलेला आहे. या दोन अक्षरांत योगायोगाने काही अर्थ निघत असला की तो प्रत्यय साऱ्या जगात विकला जातो. तुवालु या प्रशांत महासागरातील चिमुकल्या राष्ट्राचा ‘डॉट टीव्ही’ हा दूरचित्रवाणीशी जुळला, आणि २००० साली त्याच्या हक्कासाठी बारा वर्षांत ५ कोटी डॉलर देण्याचा करार झाला. त्या द्रव्याच्या आधारे ते राष्ट्र त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद होऊ शकले. कोलंबियाचा ‘डॉट सीओ’ २०१० साली सर्वांस खुला झाला. आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या बेटाच्या ‘डॉट एआय’ला एवढी मागणी आली की २०२३ साली त्या शुल्कातून बेटाच्या सरकारला ३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे एकूण महसुलाच्या सुमारे एक-पंचमांश, उत्पन्न झाले. ‘डॉट एआय’च्या नावांना आज खरोखरच मोठ्या किमती येतात, हे मी नाकारीत नाही, परंतु तेथे किमान नोंदणीच दोन वर्षांची असते आणि शुल्क ‘डॉट कॉम’च्या कित्येक पट आहे, म्हणून ज्याला दहा ‘डॉट कॉम’ झेपतात त्याने येथे एक किंवा दोनच नावे घ्यावीत, आणि तीही अशीच की ज्यांची गरज असणाऱ्या कंपन्या आज अस्तित्वात आहेत.

देशाच्या प्रत्ययात आणखी एक धोका असतो, आणि त्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. तो प्रत्यय त्या देशाच्या राजकारणाशी बांधलेला असतो. युगोस्लाव्हिया विलयास गेला आणि त्याचा ‘डॉट वाययू’ हा प्रत्यय मार्च २०१० मध्ये कायमचा बंद झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, आणि ज्या ब्रिटिश नागरिकांनी व संस्थांनी ‘डॉट ईयू’खाली नावे घेतली होती, त्यांपैकी युरोपशी अन्य संबंध दाखवू न शकणाऱ्यांचा हक्क १ जानेवारी २०२१ पासून निलंबित झाला. लिबियाच्या ‘डॉट एलवाय’खालील एका अमेरिकन लेखिकेच्या सेवेचे नाव २०१० साली तेथील दप्तराने, आपल्या देशाच्या कायद्याशी ती सेवा विसंगत असल्याचे सांगून, काढून घेतले. ‘डॉट आयओ’ हा प्रत्यय संगणक-व्यवसायात आज अतिशय प्रिय आहे. परंतु तो ज्या चागोस द्वीपसमूहाचा आहे त्याचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये स्वाक्षरी केली असून, ज्या प्रदेशाच्या नावाने ती दोन अक्षरे दिली गेली तो प्रदेश त्या नावाने न राहिल्यास प्रत्ययाचे काय, हा प्रश्न व्यापाऱ्यांपुढे उभा आहे. ‘डॉट आयओ’ लवकरच संपेल असे भाकीत मी करणार नाही. सोव्हिएत संघ लयास जाऊन तीन दशके उलटली तरी ‘डॉट एसयू’ चालू आहे हेही उदाहरण डोळ्यांपुढे आहेच. परंतु दहा वर्षे धरून ठेवण्याच्या हेतूने या प्रत्ययाखाली मोठी रक्कम अडकविणे आज मला योग्य वाटत नाही. आधीच असतील ती नावे गिऱ्हाईक येईल तशी विकावीत.

तिसरा वर्ग नव्या प्रत्ययांचा. यातील अनुभवाचा पहिला पाठ २००६ साली मिळाला. मोबाइलवरील इंटरनेटसाठी म्हणून ‘डॉट मोबी’ हा प्रत्यय मोठ्या गाजावाजाने निघाला, लिलावात ‘फ्लॉवर्स डॉट मोबी’ या नावाला २ लाख डॉलर आले, आणि अल्पावधीतच फोनवर सर्वसाधारण संकेतस्थळे सुरळीत दिसू लागल्याने स्वतंत्र प्रत्ययाची गरजच उरली नाही. पुढे ते नाव मूळ किमतीच्या अगदी अल्पांशात विकले गेले. लिलावात ते घेणारा मनुष्य या धंद्यातील अत्यंत अनुभवी होता, हे लक्षात घेतले म्हणजे नव्या प्रत्ययाविषयीच्या उत्साहाचे सामर्थ्य किती असते ते कळते. त्यानंतर २०१२ साली आयकॅनने नव्या प्रत्ययांसाठी अर्ज मागविले. एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर असताही १,९३० अर्ज आले, आणि २०१३च्या अखेरीपासून ‘डॉट एक्सवायझेड’, ‘डॉट क्लब’, ‘डॉट शॉप’, ‘डॉट ऑनलाइन’ असे शेकडो प्रत्यय बाजारात आले. गूगलच्या पितृकंपनीने २०१५ साली आपल्यासाठी ‘एबीसी डॉट एक्सवायझेड’ हे नाव घेतले तेव्हा हे युग आता आलेच असे अनेकांना वाटले. या प्रत्ययांखाली नावे विकली जात नाहीत असे नाही. शब्द आणि प्रत्यय मिळून एक नैसर्गिक पद बनत असेल तर चांगले गिऱ्हाईक भेटतेही. परंतु येथे तीन सापळे आहेत. पहिल्या वर्षाचे शुल्क नाममात्र ठेवून दुसऱ्या वर्षापासून कित्येक पट घेण्याचा प्रघात आहे. ज्या शब्दांना रजिस्ट्रीने स्वतःच मूल्यवान ठरविले आहे त्यांचे चढे शुल्क केवळ पहिल्यांदा नव्हे तर अनेकदा प्रतिवर्षी भरावे लागते, आणि हे खरेदीच्या क्षणी ठळकपणे दिसतेच असे नाही. आणि तिसरे, या रजिस्ट्रींवर दरवाढीची मर्यादा घातलेली नाही; २०१७ साली युनिरजिस्ट्री या संस्थेने आपल्या काही प्रत्ययांचे दर अनेक पटींनी वाढविण्याचे जाहीर केले, तेव्हा शेकडो नावे बाळगून असलेल्यांची जी तारांबळ उडाली ती या धंद्यातील लोक विसरलेले नाहीत. नूतनीकरणाचा दर वाढविण्यापूर्वी रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला १८० दिवसांची सूचना द्यावी लागते. त्या अवधीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे शुल्क भरून टाकता येते, म्हणून रजिस्ट्रारकडून येणारी पत्रे न वाचता बाजूस सारू नयेत.

फुकट मिळणाऱ्या नावांविषयी एवढेच सांगतो की टोकेलाऊ बेटांचा ‘डॉट टीके’ आणि त्याबरोबरचे आणखी चार प्रत्यय विनामूल्य वाटणाऱ्या संस्थेवर, फसवणूक करणाऱ्यांनी तीच नावे उचलल्याच्या कारणावरून, मेटा कंपनीने दावा लावला आणि २०२४ साली त्या संस्थेला हा व्यवसायच सोडून द्यावा लागला. अशा प्रत्ययांकडे सट्टा करणाऱ्याने पाहूही नये.

या सर्वांचा हिशेब कसा बसतो ते आकड्यांनी पाहणे इष्ट. समजा, एखाद्याने ‘डॉट कॉम’ची १०० नावे घेतली आणि प्रत्येकास वर्षाला सुमारे १,००० रुपये शुल्क पडते, तर खर्च वर्षाला १ लाख रुपये झाला. या धंद्यात मुरलेले लोक शंभर नावांमागे वर्षाकाठी एखाददुसरेच नाव विकले जाईल असे धरून चालतात. विक्री घडवून आणणाऱ्या बाजारपेठेची अडत साधारणतः १५ ते २५ टक्के असते. ती २० टक्के धरली तर हे एक नाव १,२५,००० रुपयांस विकले गेल्यावर कोठे मूळ खर्च भरून निघतो, नफ्याची गोष्ट दूरच. आता हेच गणित, ज्यांचे नूतनीकरण ३,००० रुपये आहे अशा एखाद्या नव्या प्रत्ययाच्या १०० नावांना लावा: खर्च ३ लाख, आणि जे एक नाव विकले जायचे त्याला ३,७५,००० रुपये यावयास हवेत, वास्तविक त्या प्रत्ययाला गिऱ्हाईक कमी आणि मिळणारी किंमतही ‘डॉट कॉम’हून कमी. म्हणजे शुल्क तिपटीने वाढले, आणि विक्रीची शक्यता मात्र घटली. ज्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडले त्यांना शंभर स्वस्त नावांपेक्षा दहा निवडक नावे घ्यावीत हे निराळे सांगावे लागत नाही. आणि दरवर्षी नूतनीकरणाची वेळ आली की, हे नाव आज माझ्याकडे नसते तर मी ते याच दराने नव्याने घेतले असते का, असा प्रश्न प्रत्येक नावासंबंधी विचारून, उत्तर नकारार्थी येईल ते नाव निर्ममपणे सोडून द्यावे. आधी घातलेले पैसे परत मिळविण्याच्या मोहाने निरुपयोगी नावांचे शुल्क वर्षानुवर्षे भरीत राहणे, हे मी अनेक सुजाण माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे.

आपल्याकडील वाचकास ‘डॉट इन’ अधिक जवळचा आहे, आणि तो मला या धंद्यास योग्यही वाटतो. याचे दप्तर २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेकडे आहे. २००५च्या आरंभी तो सर्वांस खुला झाला, आणि त्याचे शुल्क ‘डॉट कॉम’च्या आसपासच, पुष्कळदा त्याहून कमी, असते. येथे गिऱ्हाईक म्हणजे भारतीय व्यापारी. तो परदेशी कंपनीइतकी किंमत देणार नाही, परंतु त्याची गरज, भाषा व सवयी आपणास ठाऊक असतात, आणि हे ज्ञान हेच आपले खरे भांडवल आहे. शिवाय ‘डॉट इन’ वापरणारा अनेक वेळा पुढे ‘डॉट कॉम’ शोधतो, म्हणून एकच चांगले नाव दोन्ही प्रत्ययांखाली हाती असणे हितावह.

मराठी शब्द रोमन अक्षरांत नोंदविताना एका गोष्टीची दक्षता घ्यावी. ‘वडा’ लिहिताना आरंभी ‘व्ही’ घालावे की ‘डब्ल्यू’, आणि ‘छ’साठी ‘एच’ एकदा की दोनदा, याविषयी लोकांत एकवाक्यता नाही. तसेच वडा आणि वाडा रोमनमध्ये बहुधा एकच दिसतात. ज्या शब्दाचे स्पेलिंग दहा माणसे एकाच प्रकारे करतील तोच घ्यावा. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा प्रत्यय ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध असून तो मराठी व कोकणीसह आठ भाषांसाठी आहे. व्हेरिसाइननेही ‘डॉट कॉम’ देवनागरीत उपलब्ध केला आहे. स्वतःच्या संस्थेसाठी, नियतकालिकासाठी वा गावासाठी असे नाव घेण्यास माझा मनापासून पाठिंबा आहे. विक्रीच्या हेतूने मात्र ते सध्या घेऊ नये, कारण अनेक ई-मेल व्यवस्था आणि अर्ज भरण्याची पाने ही नावे अजून स्वीकारीत नाहीत, आणि जे नाव कार्डावर छापून गिऱ्हाइकास सहजपणे वापरता येत नाही त्याला व्यापारी मोल देत नाही. स्थळनामांचा प्रश्न आणखी निराळा: औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव व अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर जुन्या शहरनावांवर बेतलेल्या डोमेनांची किंमत दीर्घकाळ टिकेल असे धरता येत नाही, आणि नव्या नावांपैकी जी लांब आहेत त्यांची रोमन रूपेही स्थिर व्हावयाची आहेत.

स्थळाशी निगडित मालाच्या नावांबाबतही सावध राहावे: पैठणी, कोल्हापुरी चप्पल, नागपूरचे संत्रे, गोव्याची फेणी ही भौगोलिक निर्देशन म्हणून नोंदलेली नावे आहेत. अशा शब्दाचे डोमेन बाळगणे हा अपराध नव्हे; पण त्यावरून दुसराच माल त्या नावाने विकला तर कायदा आड येतो. आणि छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी इत्यादी नावांचा परवानगीवाचून व्यापारी वापर करण्यास १९५०च्या बोधचिन्हे व नावे यांसंबंधीच्या कायद्याने स्पष्ट मनाई केली आहे. तिकडे सट्ट्याच्या दृष्टीने वळूच नये.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, व्यापारचिन्हांची. दुसऱ्याच्या नावाचे डोमेन अडवून ठेवून त्याच्याकडून पैसे मागणे हा धंदा नव्हे, आणि आता तो निभावतही नाही. १९९९ साली आयकॅनने जो तंटा-निवारणाचा नियम मान्य केला त्याअन्वये चिन्हाच्या मालकाने तीन गोष्टी सिद्ध केल्या तर नाव त्याला मिळते: नाव त्याच्या चिन्हासारखे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य संबंध नाही, आणि नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे. ‘डॉट इन’च्या नियमात तर नोंदणी किंवा वापर यांपैकी एकात दुर्हेतू दिसला तरी पुरतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक ते पाच नावांपर्यंतच्या दाव्याचे, एकाच पंचापुढील, शुल्क १,५०० डॉलर आहे; म्हणजे कोणत्याही मध्यम कंपनीस आपणास तोंडमागी किंमत देण्यापेक्षा दावा लावणे स्वस्त पडते. आपल्या न्यायालयांची भूमिकाही स्पष्ट आहे: मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली ‘रेडिफ’च्या बाजूने ‘रॅडिफ डॉट कॉम’ वापरण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात डोमेन-नावास व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते असा निर्वाळा दिला. दोन कंपन्यांचे विलीनीकरण होणार अशी कुणकुण लागताच त्यांची जोडनावे नोंदविणे ही क्लृप्ती विशेष मोहक वाटते. दिल्लीच्या एका तरुण तंत्रज्ञाने २०२३ साली ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ असेच नोंदविले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या परदेशी शिक्षणाचा खर्च कंपनीकडे मागितला, पण ती मागणी नाकारली गेली. या तरुणाविषयी मला सहानुभूती वाटते. तथापि त्याचा मार्ग कोणीही अनुसरू नये. याउलट, आपण एखादा सर्वसाधारण शब्द प्रामाणिक हेतूने नोंदला असेल आणि एखादी मोठी कंपनी दरडावू लागली, तर घाबरून नाव सोडू नये. सार्वत्रिक प्रत्ययांच्या दाव्यात उत्तरास २० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत उत्तर दिलेच पाहिजे, कारण निरुत्तर राहणाऱ्याचा पक्ष पंचांपुढे दुबळा पडतो.

खरेदीच्या वेळी नवी नावे शोधण्याइतकेच मुदत संपलेल्या नावांवर लक्ष ठेवावे. सार्वत्रिक प्रत्ययांत मुदत संपल्यावर धारकास रजिस्ट्रारच्या नियमाप्रमाणे काही अवधी मिळतो, त्यात पुष्कळदा ते नाव लिलावास लागते; त्यानंतर दंड भरून सोडवून घेण्याचे ३० दिवस, आणि अखेरचे ५ दिवस उलटले की नाव मोकळे होते, तेव्हा ते पकडून देणाऱ्या सेवा सज्ज असतात. असे जुने नाव घेताना त्यावर पूर्वी काय चालत असे ते इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहात पाहावे, कारण फसवणुकीसाठी वापरले गेलेले नाव शोध-यंत्रांच्या व ई-मेल व्यवस्थांच्या काळ्या यादीत असू शकते. किमतीचा अंदाज नेमबायोसारख्या, प्रत्यक्ष झालेल्या विक्रींच्या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहावरून बांधावा; आपोआप मूल्य सांगणाऱ्या यंत्रांच्या आकड्यांवर विसंबू नये.

विक्रीची वेळ आली म्हणजे एका जुन्या फसवणुकीपासून सावध राहावे. अपरिचित गृहस्थाचे पत्र येते, तो आपल्या नावाला अपेक्षेबाहेर किंमत देऊ करतो, फक्त अमुक संस्थेकडून मूल्यांकनाचा दाखला आणा म्हणतो. दाखल्याचे शुल्क आपण भरतो, आणि गिऱ्हाईक नाहीसे होते. खरे गिऱ्हाईक असे दाखले मागत नाही. रकमेचा व्यवहार नेहमी एस्क्रोमार्फत, म्हणजे पैसे त्रयस्थाकडे जमा झाल्यावरच नाव हस्तांतरित करून, पूर्ण करावा, आणि हस्तांतराचा गुप्त संकेत त्यापूर्वी कोणासही देऊ नये. परदेशातून आलेली रक्कम बँकेमार्फतच घेऊन तिचा दाखला जपावा. विक्रीचे उत्पन्न व्यवसायाचे की भांडवली नफ्याचे हे व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरत असल्याने, आणि वस्तू व सेवा कराचाही प्रश्न येऊ शकत असल्याने, पहिल्या मोठ्या विक्रीपूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

आणखी एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही सारी मालमत्ता एका ई-मेल पत्त्याच्या आणि एका परवलीच्या शब्दाच्या आधारावर उभी असते. धारकाचे निधन झाल्यास घरच्यांना तिचे अस्तित्वही ठाऊक नसते, आणि शुल्क न भरले गेल्याने चांगली नावे दुसऱ्याच्या हाती जातात. म्हणून नावांची यादी, रजिस्ट्रार, मुदतीच्या तारखा आणि प्रत्येक नावाला साधारणतः किती किंमत यावी याचा आपला अंदाज हे सर्व लिहून मृत्युपत्रासोबत ठेवावे. वारसाच्या नावे फेरफार करताना रजिस्ट्रार मृत्यूचा दाखला व वारसाहक्काची कागदपत्रे मागतात, आणि त्या पत्रव्यवहारात जाणाऱ्या काळात नावांची मुदत थांबत नाही. यासाठी जी नावे खरोखर जतन करावयाची आहेत त्यांचे शुल्क निदान तीन-चार वर्षांचे आगाऊ भरून ठेवावे, आणि खात्यास जोडलेला ई-मेल पत्ता आपल्या नोकरीच्या ठिकाणचा नसून स्वतःचा कायमचा आहे याची आजच खात्री करून घ्यावी.